चित्रकलेचा बदली तास: तयार पाठांच्या फाईलमध्ये काय ठेवावं?

रंगपेटी: इयत्ता पहिली ते चौथी, तास ३५ मिनिटांचा, वर्गात ५० मुलं. कलाशिक्षक अचानक रजेवर गेले की तासावर गणिताचे नाहीतर खेळाचे शिक्षक जातात आणि ‘निसर्गचित्र काढा’ म्हणतात. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. दहा मिनिटांत संपतं आणि मग गोंगाट. चित्र न येणाऱ्या शिक्षकालाही घेता येतील असे पाठ सुचवा. पाण्याचे रंग नकोत.

तेलखडू: तिसरी-चौथीला वारली घ्या. वह्यांना घालतो तो खाकी कागद ए-फोर मापाचा कापून ५५ तुकडे फाईलमध्ये ठेवा, पाच जास्तीचे. त्यावर पांढरा तेलखडू. मुलांच्या पेटीत तोच रंग सहसा न वापरलेला असतो. मेणखडूचा पांढरा खाकीवर फिका पडतो आणि फळ्याचा खडू झडतो, म्हणून तेलखडूच. खाकी कागदाची एक बाजू गुळगुळीत असते; चित्र खरखरीत बाजूवर काढायचं.

पहिली ५ मिनिटं फळ्यावर डमरू: टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल, मग हात-पाय. मुलं आधी हात-पाय काढतात आणि अंगाला जागाच उरत नाही, म्हणून हा क्रम पानावर ठळक लिहा. पुढची १० मिनिटं कामात असलेली तीन माणसं: पाणी भरणारं, दळणारं, नाचणारं. उरलेल्या वेळात घर, झाड, गुरं. ‘झालं’ म्हणणाऱ्याला पुढचा टप्पा तयार हवा: कडेने त्रिकोणांची नक्षी. या टप्प्याशिवाय कुठलाही पाठ फाईलमध्ये घालू नका. वर्ग हाताबाहेर जातो तो तिथेच.

ठिपका: दुसरीसाठी ठिपक्यांची रांगोळी, तीही गणिताच्या चौकटीच्या वहीत. एक सोडून एक छेदबिंदूवर ठिपका, ७ ओळींत ७. पट्टीने मोजायला लावलं तर अर्धा तास ठिपक्यांतच जातो. नक्षी मधल्या ठिपक्यापासून बाहेर वाढवायची. कोपऱ्यातून सुरू केली की दोन्ही बाजू जुळत नाहीत.

रंगपेटी: आणि पहिलीला? पानांचे ठसे चालतील?

तेलखडू: पानं फाईलमध्ये टिकत नाहीत, वाळून चुरा होतो. मुलांना आवारात तोडायलाही पाठवू नका. रुई-कण्हेरीचा चीक डोळ्यांत गेला तर त्रास होतो. त्याऐवजी खोक्याचा नालीदार पुठ्ठा, नाणी, चपटी बटणं, प्लास्टिकची जाळी असं पाच-पाच मुलांच्या गटाला एकेक पाकीट द्या. वर झेरॉक्सचा साधा कागद ठेवून कागद सोललेला मेणखडू आडवा घासायचा. जाड ड्रॉइंग पेपरवर ठसा उमटत नाही. कागद सरकला की ठसा दुहेरी येतो. एकाने धरायचा, दुसऱ्याने घासायचा. मग त्याच ठशांतून मासा किंवा घर.

ठिपका: प्रत्येक पाठ एकाच पानाचा असू द्या आणि सगळ्यात वर एक ओळ: ‘कागद हातात पडताच मागे नाव आणि तुकडी.’ शेवटी सांगितलं तर घंटेच्या गडबडीत राहून जातं, आणि बिननावाची चित्रं कोणाची ते दुसऱ्या दिवशी मुलांनाही ओळखता येत नाही.

रंगपेटी: खाकी कागद आणि पाकिटं या आठवड्यातच भरते. फाईल शिक्षकखोलीत ठेवू की कार्यालयात?

तेलखडू: वेळापत्रक लावणाऱ्यांच्या टेबलाजवळ. बदली तास तिथूनच वाटले जातात.