गोळ्या चालू असताना रडू येणं बंद होतं का?

काजूगर_वेंगुर्ला:
गेल्या शिमग्यापासून नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ. ही गोळी घेते. गोळीने मला उठवून बसवलं हे आधी सांगते. त्याआधी चूल पेटवायचं बळ नव्हतं, कारखान्यात काजूगर सोलताना हात मध्येच थांबायचे. आता झोप लागते, कामावर जाते, मुलाचा अभ्यास घेते. मळमळ सुरुवातीलाच संपली. घाम मात्र फार येतो, आपल्या दमट हवेत पदर पिळायची वेळ येते. तेही सोसेन.

पण रडू येत नाही. मार्गशीर्षात आई गेली. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी चहाला दूध किती लागेल ते बघत होते. आई गेल्याचं कळत होतं, आत पोचत नव्हतं. सुतक फिटल्यावर जत्रेत दशावताराला गेले. हरिश्चंद्राच्या आख्यानात तारामती रोहिदासाला मांडीवर घेते तिथे मी दरवर्षी हुंदके देते. यंदा पेटीवाला छान वाजवतोय एवढंच मनात आलं. नणंद म्हणाली, "वैनी, तू दगड झालंस गो."

हे गोळीचं असतं का? डोस कमी करून मागायची भीती वाटते. ते दिवस परत नकोत.

सड्यावरचा_गुहागर:
ताई, तुम्ही दगड झालेला नाहीत. सर्ट्रालिन या तशाच गोळीवर माझं हेच झालं होतं. मुलीच्या पाठवणीला मी खुर्च्या मोजत होतो. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस थोडा थोडा करत खाली आणला. आधी परत आलं ते हसू. नमनाच्या खेळात मावशी गवळणींशी भांडायला लागली आणि मी पोट धरून हसलो, बायको माझ्याकडेच बघत राहिली. रडू बऱ्याच उशिरा आलं.

औषधवाली_मालवण:
मी औषधाच्या दुकानात बसते. या गटातल्या गोळ्यांनी भावना बोथट झाल्याचं बरेच जण सांगतात, आणि पुष्कळदा ते डोसवर अवलंबून असतं. पण आजार पुरता उतरला नसेल तरीही असंच वाटतं. म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा: रडू येत नाही, आणि झोप, भूक, काम ठीक आहे. डोस कमी करायचा की औषध बदलायचं ते त्यांना ठरवू दे. घामाचंही सांगा, तो याच गोळीचा असू शकतो. कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. मध्येच बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

बागायतीण_देवगड:
बाय गो, एकच सांगतंय, आपल्या मनान गोळी सोडू नको. पावसात रस्तो बंद झालो तेव्हा माझ्या घोवाच्या गोळ्यो संपल्यो. मान फिरवली की डोक्यात करंट बसल्यासारखा होय, चक्कर येय, चिडचिड तर इचारू नको. शेजारी म्हणाक लागले, कोणी काय तरी केला. डॉक्टरान फोनवर सांगितल्यान, गोळी अचानक तुटली की असा होता. परत सुरू केल्यार थांबला. तेव्हापासून आम्ही मिरगाच्या आधीच पुढची पाकिटा आणून ठेवतव. देवाक गाऱ्हाणा घाल, पण गोळीय घे.

काजूगर_वेंगुर्ला:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेला हे सगळं वाचून दाखवलं. पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येणार आहे, म्हणजे मी सांगायचं विसरले तर ती सांगेल. गुहागरच्या दादांना एकच विचारते. रडू परत आलं तेव्हा मागचं सगळं एकदम अंगावर आलं का? आईचं सगळं अजून व्हायचंच आहे माझं.

सड्यावरचा_गुहागर:
एकदम नाही. एके दिवशी मुलीचा फोन ठेवला आणि डोळे भरले, मग जेवायला बसलो. पुढे कधी बागेत, कधी एसटीत. आजाराच्या वेळी रडून झाल्यावर उठवत नसे, आता उठून कामाला लागता येतं.