थकवा कोणता आणि नैराश्य कोणते? २६ वर्षांच्या मुलाबद्दल सल्ला हवा आहे

प्रश्न

माझ्या मुलाला मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा, आजार आहे. चार वर्षांपूर्वी जनुकीय तपासणीत मायटोकाँड्रियाच्या डीएनएमधील ३२४३ या स्थानावरचा दोष निघाला आणि तो माझ्याकडूनच त्याच्याकडे गेल्याचे कळले. स्नायू अशक्त असणे, थोडे कमी ऐकू येणे आणि जराशा श्रमाने गळून जाणे हे आता आमच्या सवयीचे झाले आहे. गेल्या सहा महिन्यांत मात्र तो मित्रांचे फोन घेत नाही आणि रोज संगणकावर बुद्धिबळ खेळणारा मुलगा तो डावही उघडत नाही. परवा सकाळी एका पायात मोजा आणि दुसरा हातात, असा तो पलंगाच्या कडेवर वीस मिनिटे बसून होता. मी मोजा चढवायला पुढे झाले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "आई, राहू दे." हा आजाराचा थकवा आहे की नैराश्य, हे कसे ओळखावे? तो सज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या डॉक्टरांशी मी परस्पर बोलणे योग्य होईल का?

पहिला प्रतिसाद

ताई, माझ्या मुलीलाही याच गटातला आजार आहे. पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच अपुरी पडत असल्यामुळे हा थकवा झोपेने पुरता भरून निघत नाही. त्यामुळे "तो काय करत नाही" यापेक्षा "ज्याला श्रम लागत नाहीत त्यातही त्याचे मन लागते का" हे पाहावे, असे मला अनुभवाने वाटते. माझी मुलगी उठून बसता येत नसतानाही पुस्तक वाचून दाखवा म्हणायची. तिने ते मागणे सोडले, तेव्हा आम्ही जागे झालो. अर्थात ही काही निदानाची कसोटी नव्हे, आणि दोन्ही एकदम असणे अगदी शक्य आहे. शिवाय ३२४३ च्या दोषात मधुमेह आणि बहिरेपणा वारंवार आढळतात, तेव्हा रक्तातील साखर आणि श्रवण यांची तपासणी आधी करून घ्या. फोन न घेण्याचे कारण उदासी नसून पलीकडचे बोलणे न कळणे हेही असू शकते. निरोप लिहून पाठवला तर तो उत्तर देतो का?

दुसरा प्रतिसाद

मी स्वतः रुग्ण आहे, वय ३४. तुमच्या मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. आईच्या चेहऱ्यावर "माझ्यामुळे झाले" हे दिसले की तिची समजूत घालण्याचे कामही माझ्याच वाट्याला येते, आणि तेवढी शक्ती माझ्यापाशी नसते. दोषी मायटोकाँड्रिया किती प्रमाणात मुलाकडे जातील हे कोणत्याही आईच्या हाती नसते. हे दुःख तुम्ही जरूर कोणाजवळ तरी बोला, फक्त त्याच्याजवळ नको. दुसरे असे की, मदत करण्यापूर्वी विचारा. मोजा चढवून देणे आणि "मी इथे बसू का?" असे विचारणे यांत फार अंतर आहे. जगणे नकोसे वाटते का, मरणाचे विचार येतात का, हेही आडवळण न घेता विचारा. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर "हो" आले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत घ्या. अशा वेळी परवानगीचा प्रश्न मागे पडतो. एरवी मात्र डॉक्टरांशी परस्पर बोलू नका, त्याला सांगून बोला.

तिसरा प्रतिसाद

औषधांबद्दल थोडे. नैराश्यावरची नेहमीची औषधे या रुग्णांनाही दिली जातात, परंतु मानसोपचारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांचे आपसात बोलणे झालेच पाहिजे. मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट मायटोकाँड्रियाच्या आजारात शक्यतो टाळतात. पीओएलजी या जनुकाच्या दोषात तर त्याने यकृत निकामी होऊ शकते. हृदयावर परिणाम असेल तर काही गोळ्यांपूर्वी ईसीजी काढावा लागतो. सुरू केलेली गोळी मनाने एकाएकी बंद करू नये. आणि एक गोष्ट सहज नजरेआड होते: उदास माणूस जेवण टाळतो, तर या आजारात दीर्घकाळ उपाशी राहणे धोक्याचे असते. त्याने दिवसभरात काय खाल्ले याची पाळत ठेवू नका, पण थोडे थोडे खाणे त्याच्या हाताशी असू द्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. काल समोर बसून विचारण्याऐवजी त्याला लिहून विचारले, मरणाच्या विचारांबद्दलही. उत्तर यायला तासभर लागला. फोनवरचे शब्द कळत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा "काय?" म्हणण्याची लाज वाटते, असे त्याने लिहिले. मरावेसे वाटत नाही, पण सकाळ झाली की कशासाठी उठायचे ते सुचत नाही, असेही लिहिले. मानसोपचारतज्ज्ञांची येत्या गुरुवारची वेळ त्याने स्वतःच घेतली आहे. मी सोबत जायचे आहे, मात्र आत जायचे नाही, बाहेरच्या बाकावर थांबायचे आहे.