हॉटस्पॉट: प्रजातींची टांकसाळ की जुनं कोठार?

पायवाट:
जैवविविधता हॉटस्पॉट म्हणजे नव्या वनस्पती पाडणारी टांकसाळ, असं सर्रास बोललं जातं. मला हे पटत नाही. पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली ती संवर्धनासाठी. हॉटस्पॉट ठरायला किमान १५०० प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच सापडणाऱ्या, वनस्पती लागतात आणि मूळ वनस्पती-आच्छादन ७० टक्के तरी नष्ट झालेलं असावं लागतं. नव्या प्रजाती किती वेगानं होतात याचा यात कुठे उल्लेखही नाही.

दक्षिण आफ्रिकेचा केप प्रदेश घ्या. साधारण ९०,००० चौरस किलोमीटरमध्ये ९००० च्या आसपास वनस्पती, त्यातल्या दोन-तृतीयांश जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. हिमयुगांनी उत्तर युरोप खरवडून काढला, तेव्हा इथलं हवामान तुलनेनं स्थिर राहिलं. जे जन्मलं ते टिकलं, म्हणजे जुनं कोठारच. मरणारे कमी असले की जन्म बेताचे असूनही घर भरतं.

शेवाळ:
केप बरा सोयीचा सापडला! अँडीजमध्ये या. तिथल्या ल्युपिन या शेंगावर्गीय वनस्पतीच्या ८१ प्रजाती अवघ्या १२ ते १८ लाख वर्षांत झाल्या. काही जमिनीसरपट, काही चांगली झुडपं. डोंगर उंचावले, झाडं जगू शकत नाहीत अशा उंचीवर थंड, मोकळी जागा तयार झाली आणि एकेक माथा बेटासारखा सुटा पडला. ही टांकसाळ नाही तर काय?

पायवाट:
ती एका वंशाची गोष्ट. प्रशांत महासागरातलं न्यू कॅलिडोनिया बेटही हॉटस्पॉटच आहे, आणि तिथे अँबोरेला नावाचं झुडूप आहे. बाकी सगळ्या सपुष्प वनस्पतींपासून सर्वांत आधी फुटलेली फांदी, आणि आज तिच्यावर प्रजाती किती? एक! पाहुणा करोडो वर्षांचा, पोरंबाळं शून्य.

निशिगंध:
तुम्ही दोघं जागेवरून भांडताय, जरा झाडाजवळ जाऊन बघू. केपमधल्या बऱ्याच झुडपांच्या बियांना एक तेलकट गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्या गोळ्यासाठी बी ओढत वारुळात नेतात, गोळा खातात, बी तिथेच पुरलेलं राहतं. वणव्यापासून वाचतं, पण प्रवास किती? काही मीटर. म्हणजे मधे दरी आली किंवा माती बदलली की दोन्हीकडची झुडपं एकमेकांना पारखी.

परागीभवनाचं बघा. तिथे एक माशी आहे, तिची सोंड शरीराच्या कित्येक पट लांब. लॅपेरूसिया नावाच्या वनस्पतीची नळीसारखी फुलं तिच्यावर विसंबून असतात. जिथल्या माशीची सोंड लांब तिथे फुलाची नळी लांब, जिथे सोंड आखूड तिथे नळीही आखूड. एकाच प्रजातीत ही फाटाफूट डोळ्यांदेखत चाललीय. आणि ती शांतपणे पुढे सरकायला हवामान टिकून राहावं लागतं. मग स्थैर्य हे कोठाराचं कुलूप की टांकसाळीचा पाया?

शेवाळ:
+१. पायवाट, तुमचाच केप तुमच्यावर उलटला.

पायवाट:
इतकी घाई नको. फाटाफूट होते हे मी कुठे नाकारलं? बाकी जगापेक्षा ती वेगानं होते, हे दाखवा. आणि ल्युपिनचा वेग तुम्ही काढता तो आज जिवंत असलेल्या प्रजातींच्या वंशवृक्षावरून. जन्मदर आणि मृत्युदर यांच्या असंख्य जोड्या अगदी तसाच वृक्ष देऊ शकतात, हे २०२० साली गणितानं दाखवून झालंय.

शेवाळ:
अहो, मग त्याच गणितानं तुमचा ‘मरणारे कमी’ पण गेला की!

(तरी ल्युपिनची अडचण उरतेच. अठरा लाख वर्षांत ८१ म्हणजे कोणताही मृत्युदर धरा, जन्म भराभर झालेच असणार.)

निशिगंध:
शिवाय केपमध्ये मेलेले सापडतात. मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) गाळात ताड कुळातल्या झाडांचे परागकण मिळालेत. आज तिथे ती झाडं नाहीत. कोठार म्हणा हवं तर, पण गळकं.

पायवाट:
ल्युपिनचं मान्य, तिथे टांकसाळ म्हणा. ताडाचा मुद्दाही बिनतोड. पण ती गळती मायोसीनपासून हवामान कोरडं होत गेलं तेव्हाची, आणि मी बोलत होतो हिमयुगांबद्दल. तेव्हा केपपुरतं ‘मरणारे कमी’ मागे घेतो, ‘हिमयुगांत मरणारे कमी’ एवढं ठेवतो. आता यावर कुणाकडे परागकण असतील तर आणा.