मुंबई–नेवार्क: तिकिटावरचे तास आणि खरे तास (अनुभव लिहा)

डिसेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. तिकीट पाठवल्यावर बाबांचा फोन आला, "रात्री दीडला निघून सकाळी सातला उतरायचं? साडेपाच तासांत तर कोकणकन्या रत्नागिरीलाही पोचत नाही!" परतीचं तिकीट सकाळी अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, म्हणजे पंचवीस तास. वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, हे सांगून मी थकले. लांबच्या विमानप्रवासाचे तुमचे अनुभव लिहा.

निवृत्त_गणित
बाबांना सांगा, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. साडेतीसचे निम्मे सव्वापंधरा. घड्याळांतला साडेदहा तासांचा फरक (उन्हाळ्यात साडेनऊ) आपोआप उडतो. प्रत्यक्षात जाताना सोळाच्या आसपास, येताना साडेचौदा. अंतर दोन्हीकडून साधारण १२,५०० किमीच. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, येताना तो पाठीशी असतो. थंडीत त्याला जोर जास्त.

खिडकीवाली
समोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे निघालेलं पाहून मला वाटलं, रस्ता चुकला! घरी आल्यावर लेकीच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते नेवार्क शिवणाचा दोरा ताणून धरला. दोरा चक्क आइसलंडवरून गेला. भिंतीवरचा सपाट नकाशा फसवतो. अर्थात विमान रोज त्या दोऱ्यावरून जात नाही. वारा आणि कुणाचं आकाश बंद आहे, त्यावर वाट ठरते.

दिल्लीकर_पुणेरी
त्या बंद आकाशाचा मी भुक्तभोगी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, त्याच आठवड्यात माझं दिल्लीहून अमेरिकेचं 'थेट' विमान होतं. वळसा घेऊन युरोपात इंधनासाठी उतरलं. आम्ही जागेवरच बसून! विचारलं की एकच उत्तर, "थोडाच वेळ." शेजारच्या काकांनी तेवढ्यात शेंगदाण्याच्या लाडवांचा अख्खा डबा संपवला, मला एक दिला.
उलटा किस्साही आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, तरी साधारण दोन तास वाचले. कारण तेच, वारा पाठीशी. त्यामुळे नुसते किलोमीटर बघून तास काढू नयेत.

सूनबाई_एडिसन
तास सोडा, पायांचं बघा. आमच्या सासूबाई सोळा तास जागच्या हलल्या नाहीत, "लोकांना कशाला उठवायचं!" उतरताना पाय एवढे सुजलेले की चपलेत जाईनात. दुसऱ्या वेळी कडेची सीट घेतली, दर दोन तासांनी मोबाइलवर गजर लावून दिला. गजर वाजला की त्या उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जायच्या. तिथे बार्शीची एक बाई भेटली. मग गजराची गरजच उरली नाही, उलट हवाई सुंदरीच दोघींना जागेवर बसवायला येत होती.