अत्याचाराचा निवाडा पंचांनी करावा का?

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा)
आमच्या ओळखीतील एका विवाहितेवर लैंगिक अत्याचार झाला असून, समाजाचे पंच बैठक बसवून दंड आणि माफीवर प्रकरण मिटवू पाहत आहेत. कॅनडा-अमेरिकेतील मूलनिवासी समाज असे गुन्हे आपल्या पद्धतीने हाताळतात, मग आम्ही का नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर (कराड)
ताई, ही तुलनाच टिकत नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील हॉलो वॉटर येथील अनिशिनाबे समाजाने १९८० च्या दशकात अशा गुन्ह्यांसाठी स्वतःची पद्धत उभी केली, हे खरे. पण तेथे आरोपीवर रीतसर आरोप ठेवले जातात, न्यायालयात त्याला गुन्हा कबूल करावा लागतो, आणि पीडितेच्या पाठीशी स्वतंत्र कार्यकर्ते असतात. एवढे असूनही लहान वस्तीत तिच्यावर दडपण येते, अशी चिंता तेथील स्त्रियांनीच मांडली आहे. अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या ऑलिफंट निकालानंतर मूलनिवासी नसलेल्या आरोपींवर जमातींच्या न्यायालयांना खटलाच चालवता येईना. २०१३ मध्ये घरगुती हिंसाचारापुरता आणि २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारांसाठीही तो अधिकार कायद्याने परत मिळाला. त्या न्यायालयांत वकील असतो, कामकाजाची नोंद राहते. पंचांच्या बैठकीत यातले काय असते?

उत्तर (सातारा)
बलात्काराचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. मदनलाल खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीचा मार्ग ठामपणे नाकारला आहे. वाळीत टाकण्याची धमकी आली, तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये जातपंचायतींविरुद्ध उभे राहिले होते, हेही पंचांना ऐकवा.

उत्तर (मिरज)
त्या बाईला काय हवे आहे, हे कोणी विचारले आहे का? दंड किती, माफी कोणासमोर, हे सारे पुरुष ठरवणार आणि नांदायचे मात्र तिने, त्याच गल्लीत. पंचांशी वाद नंतर घाला. तपासणीला उशीर झाला की पुरावा हातचा जातो, म्हणून आधी तिला विचारून, तिच्यासोबत रुग्णालयात जा. सरकारी असो वा खासगी, तेथे मोफत उपचार द्यावेच लागतात. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि नोंद टाळणाऱ्या पोलिसावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कारवाई होऊ शकते. पीडितांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेच्या आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. रात्री-अपरात्री आधार लागला, तर महिला हेल्पलाइनला १८१ वर फोन करा.