जंगलात मुक्काम, गुहेत मुशाफिरी: तुमचे अनुभव लिहा

सह्याद्रीत वाढलेल्यांना गुहा म्हटलं की लेणी आठवतात. इथला काळा खडक, बेसाल्ट, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी छिन्नीनंच काम केलंय. पाण्यानं पोखरलेल्या, मैलोन् मैल लांब गुहा बघायच्या तर चुनखडीच्या मुलखात जावं लागतं, आणि त्यातल्या कितीतरी गुहा दाट जंगलात आहेत. ते नातं जुनं आहे. पावसाचं पाणी जंगलाच्या मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खालचा चुनखडक खात जातं. वरच्या झाडोऱ्याशिवाय खालची गुहा समजत नाही, असं माझं मत. म्हणून धावतपळत गुहा 'करून' येणाऱ्यांपेक्षा जंगलात मुक्काम केलेल्यांचे अनुभव हवेत. गटानं गेला असाल तर कुठे राहिलात, आत काय दिसलं, कुणाची फजिती झाली, सगळं लिहा. या धाग्याची सुरुवात मीच करते, खाली एकेकानं आपापला अनुभव जोडा.

कुटुमसर, बस्तर

जगदलपूरजवळच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या गावात आम्ही उतरलो होतो. नातेवाईक, शेजारी, दोन शाळकरी मुलं, असा सगळा गोतावळा. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं म्हणून ती बंद असते, त्यामुळे हिवाळा गाठला. तोंड इतकं अरुंद की आधी पोट आत घ्यायचं, मग आपण. पुढे उभ्या पायऱ्या उतरलं की दमट, कोंदट हवा अंगाला चिकटते. बाहेर स्वेटर आणि आत घामाच्या धारा.

तिथल्या डबक्यांत फिकट रंगाचे छोटे मासे आहेत. बाहेरच्या ओढ्यांतल्या माशांचेच हे भाऊबंद, पण पिढ्यान् पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे बारीक होत गेले आणि अंगावरचा रंग उडाला. प्रा. शंकर तिवारी यांनी 1950 च्या दशकात या गुहेचा अभ्यास केला होता.

वाटाड्यानं एके ठिकाणी सगळे दिवे विझवायला लावले. मिनिटभरानं भाचा म्हणाला, "मला माझा हात दिसतोय!" मग प्रत्येकालाच आपापला हात दिसायला लागला. दुसऱ्यानं आपल्या नाकासमोर हात हलवला तर मात्र काहीच दिसेना. आपला हात हलतोय हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो चित्र स्वतःच रंगवतो. मुलांनी नंतर रात्री पांघरुणात हाच प्रयोग तासभर चालवला.

सिजू, दक्षिण गारो हिल्स, मेघालय

आमचा कंपू ऑफिसातल्या मित्रांचा. सिमसांग नदीकाठची सिजू ही वटवाघळांची गुहा म्हणून प्रसिद्ध. आत ओढाच वाहतो, त्यामुळे चालणं म्हणजे पाणी तुडवणं, कधी घोट्यापर्यंत तर कधी कमरेपर्यंत. उंच गमबूट घातलेल्यांचे बूट भरले आणि प्रत्येक पाऊल जड झालं. साध्या कॅनव्हासच्या, चांगली पकड असलेल्या बुटांतून पाणी येतं तसं निघूनही जातं.

जाण्याआधी वाचून गेलो त्याचा फायदा झाला. स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी 1922 मध्ये इथले जीव पद्धतशीर गोळा केले होते. आत हिरवं पान नाही, ऊन नाही, मग इतके किडे, कोळी, रातकिडे जगतात कशावर? वटवाघळं रात्री जंगलात कीटक खातात आणि दिवसा आत विष्ठा टाकतात. त्यावर बुरशी, त्यावर किडे, किड्यांवर कोळी. धागाकर्तीचं म्हणणं इथे पुरेपूर पटलं: जंगल रोज रात्री गुहेत रसद पोचवतं. मात्र या विष्ठेच्या सुक्या धुळीतल्या बुरशीनं फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. मास्क लावा, खाली बसून पसरू नका. आमच्यातला एक जण 'वास सहन होतो मला' म्हणत मास्क खिशात ठेवून फिरत होता. प्रश्न वासाचा नाहीच हो.

जळवांबद्दल

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जळू ओढून काढू नका, मीठही चोळत बसू नका. तोंडाकडच्या टोकाखाली नख सरकवा, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. आमच्या तंबूत यावरून रडारड झाली होती आणि रडणारे सगळे पुरुष होते.

गुनुंग मुलू, सारावाक, मलेशिया

बोर्निओच्या वर्षावनातलं हे उद्यान. डियर केव्हच्या तोंडाशी संध्याकाळी बसायचं आणि वटवाघळं बाहेर पडताना बघायची. तिथे 20 ते 30 लाख वटवाघळं असल्याचा अंदाज सांगतात. पहिल्या संध्याकाळी पाऊस लागला. पावसात ती निघत नाहीत. गटात लगेच दोन तट: एक म्हणे परत जाऊ, एक म्हणे बसू. बसलो, भिजलो, काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. आधी एक बारीक रेघ, मग वळसे घेत जाणारा काळा पट्टा, लांबून धुरासारखा. मध्येच एक शिकारी पक्षी सूर मारतो आणि पट्टा फाटतो, पुन्हा जुळतो. एकटा-दुकटा टिपला जाऊ नये म्हणून ती घोळक्यानं निघतात. मुक्काम एकाच रात्रीचा ठेवणाऱ्या सहली मला म्हणूनच पटत नाहीत. जंगल आपल्या वेळापत्रकानं चालत नाही.

हांग एन, व्हिएतनाम

वय साठीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि बाकी गट तिशीतला. फोंग न्या-के बांगच्या जंगलातून उतरताना नदी पुन:पुन्हा ओलांडायची असते, त्यामुळे बूट वाळवण्याचा नाद सोडून द्यायचा. वाटाड्यानं मला सर्वांत पुढे, स्वतःच्या मागे ठेवलं. हळू चालणारा मागे राहिला की बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचताच निघतात, म्हणजे दमलेल्याला विश्रांती मिळतच नाही. पुढे असला की सगळेच त्याच्या चालीनं चालतात.

तंबू गुहेतच, वाळूवर. वर छताशी पाकोळ्यांची अखंड कलकल. जवळच सोन डूंग ही जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी गुहा आहे. तिचं तोंड हो खान्ह या स्थानिक माणसाला जंगलात सापडलं होतं, 2009 मध्ये ब्रिटिश पथकानं तिची पाहणी केली आणि मग जगाला कळलं. शौचाची सोय म्हणजे तांदळाचं तूस टाकायचं, आणि सगळं नंतर बाहेर वाहून नेतात. अवघडल्यासारखं होतं, पण पद्धत योग्य आहे.

एक इशारा: गटात घोरणारा असेल तर त्याचा तंबू लांब कोपऱ्यात द्या. गुहा कुणाची घोरणी पोटात ठेवत नाही.

गट नेणाऱ्याकडून

वर सगळं छान छान आहे म्हणून थोडं कडू लिहितो. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 मध्ये 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, ते पावसाचं पाणी चढल्यामुळे. 23 जूनला आत गेले, शेवटचे 10 जुलैला बाहेर आले. गुहेवर पाऊस पडायलाच हवा असं नाही, वरच्या अंगाला डोंगरात कोसळला तरी पाणी आत येतं. म्हणून आभाळ भरलं की बेत रद्द, मग कितीही लांबून आलेले असोत.

प्रत्येकाकडे तीन दिवे, त्यातला एक कपाळावर. मोबाईलचा दिवा धरायचा नाही, हात मोकळे हवेत. वळणावळणावर डोकी मोजायची. लवणस्तंभांना, म्हणजे थेंबाथेंबानं साचून झालेल्या चुन्याच्या खांबांना, हात लावायचा नाही: ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग वाढतात, आणि बोटांचं तेल लागलं की तीही वाढ थांबू शकते. आणि एक माणूस बाहेर थांबलाच पाहिजे, ज्याला आत किती गेले आणि किती वाजता परतणार हे ठाऊक आहे.

बाहेर थांबलेल्याकडून

तो माणूस मी. मला बंदिस्त जागेत धाप लागते. पहिल्यांदा मित्रांनी 'काही होत नाही रे' करून ओढायचा प्रयत्न केला, मी ठाम नाही म्हणालो. गुहेच्या तोंडाशी उजेड कमी होत जातो तशी झाडी बदलते: आधी झुडपं, मग नेचे, मग नुसतं शेवाळ, मग उघडा खडक. चार-पाच पावलांत सगळा बदल. आत घाईनं शिरणाऱ्यांनी हे पाहिलंच नव्हतं, परतल्यावर मीच त्यांना दाखवलं. आता सहल ठरली की यादी, घड्याळ आणि शिट्टी आपसूक माझ्याकडे येते. फक्त उशीर झाला की ओरडायचा अधिकारही मी लेखी मागून घेतलाय.