पन्नाशीनंतर सुरू झालेलं पोटाचं दुखणं
एका ताईंनी विचारलंय, वडिलांना ५४ व्या वर्षी पहिल्यांदाच कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ असं सुरू झालंय, तर हे आयबीएसच (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत आतड्यात बिघाड दिसत नसूनही होणारी पोटदुखी आणि शौचाची तक्रार) का? ताई, वयाकडे बघा. आयबीएस बहुधा विशी-तिशीत डोकं वर काढतो, कित्येकांना कॉलेजच्या वयातच. काहींच्या मागे तो जुलाब-उलट्यांच्या मोठ्या आजारानंतर लागतो. पन्नाशीनंतर नव्याने आलेल्या त्रासाला तपासणीशिवाय हे नाव देऊ नये. कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) डॉक्टरांना तुम्हीच विचारा. शौचातून रक्त, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही असेल तर अजिबात थांबू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही पोटदुखीनेच सुरू होऊ शकतो.

तरुणांना मात्र मी उलट सांगेन. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून घरचे 'मनाचे खेळ' म्हणतात, ते फार चुकीचं आहे. दुखणं खरंच असतं. आयबीएसच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम ४ निकषांत त्रास किमान ६ महिन्यांपूर्वी सुरू झालेला हवा, आणि गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी. शौचाला जाणं, किती वेळा जावं लागतं यातला बदल, शौचाचं बदललेलं स्वरूप, यांपैकी दोन गोष्टींशी ती जोडलेली असली की निदान करता येतं. धोक्याची लक्षणं नसतील तर साध्या रक्ततपासण्या, सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार) चाचणी आणि जुलाब असतील तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारं प्रथिन), एवढं बहुतेकांना पुरतं.